अग्निकवचाची कुळकथा



आजच्या भाषणाचा विषय मला एका खेळानें सुचविला, ही गोष्ट आरंभींच कबूल करून टाकतों. गेल्या सुटींत माझा बारा वर्षांचा नातू संगणकापुढें बसून ‘पावडर टॉय’ नांवाचा एक खेळ खेळत होता. ह्या खेळांत सैनिक नाहींत, मोटारी नाहींत, कीं हारजीतही नाहीं. काळ्या पडद्यावर निरनिराळ्या पदार्थांचे बारीक कण सोडावयाचे आणि काय होतें तें पाहात बसावयाचें, एवढाच त्याचा व्यवहार. पाणी, वाळू, बर्फ, तेल, धातु, विस्तव असे पुष्कळ पदार्थ त्यांत आहेत. प्रत्येक कणाला आपापलें उष्णमान असतें. तो शेजारच्या कणाला उष्णता देतो, आणि फार तापला कीं वितळतो किंवा पेटतो. पदार्थविज्ञान शिकवितांना जें मी खडूनें फळ्यावर काढीत असें, तें येथें आपोआप हालत होतें. म्हणून मीही खुर्ची ओढून शेजारीं बसलों.

नातवानें एक चौकोनी खोली बांधली होती व तिला तो यान म्हणत होता. आंत बर्फाचे चार कण ठेवले होते. ते त्याचे प्रवासी! बाहेरून जळत्या वायूचा लोट सोडावयाचा. बर्फ वितळला नाहीं तर प्रवासी वांचले, असा नियम त्यानें स्वतःच ठरविला होता. पहिली भिंत टिटॅनियमची केली. ती वितळून ओघळली. दुसरी हिऱ्याची केली. ह्या खेळांत हिरा अभेद्य मानला आहे. भिंतीला ओरखडाही उठला नाहीं, परंतु उष्णता तिच्यांतून सरळ आंत गेली आणि बर्फाचें पाणी झालें. तिसरी भिंत उष्णतारोधक पदार्थाची केली. तिनें उष्णता अडविली खरी, पण ती स्वतःच पेटून गेली. तेव्हां तो माझ्याकडे वळून म्हणाला, “आजोबा, खऱ्या यानाला मग काय लावतात?”

ह्या प्रश्नानें मी चपापलों. कारण असाच एक प्रश्न मला पूर्वीं एकदां विचारण्यांत आला होता आणि त्याचें उत्तर मीं चुकीचें दिलें होतें. ती हकीकत शेवटीं सांगेन. आधीं प्रश्नाचा विस्तार किती आहे तें पाहूं.

पृथ्वीभोंवतीं फिरणारें यान सेकंदाला सुमारें पावणेआठ किलोमीटर वेगानें धांवत असतें. ह्या वेगानें मुंबईहून पुण्यास जावयाला पंधरा-वीस सेकंद पुरतील. उतरावयाचें म्हणजे हा सगळा वेग टाकून द्यावयाचा. वेग टाकतां येतो, पण त्यांतील शक्ति नाहींशी करतां येत नाहीं. ती उष्णतेच्या रूपानें कोठें तरी जाणारच. यानाच्या एकेका किलोग्रॅम वजनामागें ही शक्ति सुमारें तीन कोटी जूल भरते. गृहिणींना समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर एका किलोमागें अकरा-बारा लिटर पाणी चुलीवर ठेवून त्याची शेवटच्या थेंबापर्यंत वाफ करावी, इतकी ती आंच आहे. लोखंडाचें यान केलें आणि ही सर्व आंच त्यालाच लागली, तर यानाची वाफ होऊन आंच शिल्लक राहील! आणि माणसाला उतरवून आणणारें यान तर कांहीं टनांचें असतें.

असें असूनही आकाशांतून पडणारे कांहीं दगड जमिनीपर्यंत धड येतात, ही गोष्ट माणसाला फार पूर्वींपासून ठाऊक होती. अशनीचा दगड फोडून पाहिला, तर त्याच्या अंगावर काळी, वितळलेली अशी पातळ साल असते आणि आंतला गाभा जशाचा तसा असतो. (आपल्या लोणारचें सरोवर ज्या अशनीनें खणलें, तो इतका प्रचंड होता कीं हवेनें त्याला आवरणें शक्यच नव्हतें, त्याची गोष्ट निराळी.) लहान दगडाचें रहस्य असें कीं, त्याचा बाहेरचा थर वितळून मागें वाहून जातो आणि जातांना आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जातो. आंतल्या भागास तापावयाला वेळच मिळत नाहीं. निसर्गानें हें उत्तर उघड्यावर लिहून ठेविलें होतें. परंतु तें वाचण्याची गरज माणसाला पडली ती १९४५ नंतर, आणि खेदाची गोष्ट अशी कीं ती गरज संहारासाठीं पडली.

जर्मनांनीं १९४२ सालीं व्ही-२ हा अग्निबाण यशस्वी रीतीनें उडविला. त्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास होता. तो पोलादाच्या पत्र्यानें निभावला. पुढें अमेरिका व सोव्हिएट रशिया ह्यांनीं एका खंडांतून दुसऱ्या खंडांत अणुबाँब फेंकूं शकणारे अग्निबाण बांधावयास घेतले. त्यांचा वेग सेकंदाला सात किलोमीटर. बाँब असलेलें टोंक हवेंत शिरतांच जळून जाऊं लागलें तर त्या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय? अमेरिकेंतील इंजिनिअरांनीं टोंकाच्या ज्या आकृति प्रथम काढल्या, त्या सर्व सुईसारख्या निमुळत्या होत्या. बंदुकीची गोळी टोंकदार, बाण टोंकदार, वेगवान विमानाचें नाक टोंकदार. तेव्हां सर्वांत वेगवान वस्तूचें टोंक सर्वांत अणकुचीदार असावें, हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. मात्र हिशेब करूं जातां असें दिसे कीं तें टोंक वितळणारच. जगांतील कोणताही धातु तेथें टिकत नव्हता.

ह्या ठिकाणीं एका माणसाची ओळख करून देणें अवश्य आहे. हॅरी ज्युलियन ॲलन हा कॅलिफोर्नियांतील मॉफेट फील्ड येथील एम्स प्रयोगशाळेंत काम करणारा संशोधक. जन्म १९१०, मृत्यु १९७७. ही प्रयोगशाळा त्या काळीं ‘नाका’ ह्या विमानविद्येच्या सरकारी समितीची होती. १९५८ सालीं त्या समितीचेंच ‘नासा’ झालें. ॲलननें १९५१ च्या सुमारास हा प्रश्न उलटा करून पाहिला. इतर लोक विचारीत होते, ‘ही उष्णता सोसणारा पदार्थ कोणता?’ ॲलननें विचारलें, ‘ही उष्णता यानालाच कां द्यावयाची? हवेला कां देऊं नये?’

आतां थोडें थांबून, उष्णता येते कोठून तें नीट पाहिलें पाहिजे. मी वर्गांत सांगत असें कीं हवेच्या घर्षणानें यान तापतें, आणि मुलांना तळहात एकमेकांवर घासावयास लावीत असें. मुलांना गंमत वाटे, मलाही वाटे. परंतु खरी मोठी उष्णता घर्षणाची नव्हे. सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला चटका बसावा इतकें तापतें, हें आपण पाहिलें असेल. तेथें दट्ट्याचें घर्षण थोडें, हवा दाबली जाण्याचा परिणाम फार. अफाट वेगानें येणारें यान पुढच्या हवेला बाजूस सरकण्यास सवडच देत नाहीं. तिला एकाएकीं दाबतें आणि ती दाबलेली हवा हजारों अंश तापते. त्या दाबाची एक तीक्ष्ण सीमारेषा तयार होते. तिला आघाततरंग म्हणावें.

हा आघाततरंग कोठें उभा राहतो, ह्यावर सगळें अवलंबून आहे. निमुळतें टोंक असेल तर तो टोंकाला चिकटून बसतो. तरंग सौम्य असतो हें खरें, पण यान हवेंत सुरीसारखें शिरतें, वेग फारसा कमी होत नाहीं, आणि खालच्या दाट हवेंत तें तसेंच भरधांव येतें. मग अंगाला चाटून जाणारी गरम हवा आपली उष्णता यानाला देत राहते. आणि टोंकाशीं धातु इतका थोडा कीं तो ती साठवणार कोठें? उलट पुढची बाजू रुंद व बोथट असेल, तर आघाततरंग प्रबळ होतो आणि तो अंगापासून सुटून कांहीं अंतर पुढें उभा राहतो. हौदाच्या पाण्यांत सुरी ओढून पाहा आणि थाळी उभी धरून ओढून पाहा. थाळीपुढें पाण्याचा फुगवटा उभा राहतो आणि दोन्ही बाजूंनीं वळून निघून जातो. तसेंच येथें होतें. तापलेल्या हवेचा फार मोठा भाग यानाला स्पर्श न करतां बाजूनें वाहून मागें जातो. शिवाय बोथट यान वरच्या विरळ हवेंतच आपला बराचसा वेग गमावून बसतें.

ॲलन व त्याचा सहकारी आल्फ्रेड एगर्स ह्यांनीं हें गणितानें सिद्ध केलें. त्याचें सार असें कीं, यानाच्या वांट्याला येणारा उष्णतेचा अंश, एकंदर विरोधांत अंगाला घासून होणाऱ्या विरोधाचें प्रमाण किती, ह्यावर ठरतो. एकंदर विरोध वाढवा आणि घासण्याचा भाग तेवढाच ठेवा, कीं यान थंड राहतें. म्हणजे हवेंतून जावयाच्या वस्तूला हवेचा विरोध जितका अधिक तितकें बरें! ज्यांनीं आयुष्यभर विमानांचा विरोध गुंजागुंजानें कमी केला होता, त्यांना हें ऐकून काय वाटलें असेल ह्याची कल्पना करावी. त्यांचा निबंध १९५३ सालीं गुप्त कागद म्हणून मोजक्या लोकांत फिरला आणि जगाला उघडपणें वाचावयास मिळाला तो कांहीं वर्षांनंतर. शाळेंतल्या पुस्तकांत ॲलनचें नांव मला कोठें आढळलें नाहीं. आजवर अवकाशांतून परत आलेल्या प्रत्येक माणसाचा जीव त्याच्या ह्या एका कल्पनेवर विसंबला आहे. पुढें जीं पंखांचीं यानें झालीं, तींही ऐन आंचेच्या वेळीं आपलें रुंद पोटच हवेपुढें करीत असत. तरी नांव कोणास ठाऊक नाहीं.

आकार ठरला, पण जो थोडा अंश यानाला लागावयाचा तोही कमी नव्हे. त्याचें काय करावयाचें? पहिला उपाय अगदीं साधा होता. जाड तांब्याचा गोळा पुढें लावावयाचा आणि त्यानें उष्णता पिऊन घ्यावयाची. आपल्याकडे जाड बुडाचें पातेलें एकदम करपत नाहीं, तोच न्याय. अमेरिकेच्या आरंभींच्या अग्निबाणांना अशीं तांब्याचीं कवचें होतीं. मे १९६१ मध्यें ॲलन शेपर्ड हा अमेरिकन वीर पंधरा मिनिटांचें छोटें उड्डाण करून आला, त्याच्या यानाला बेरिलियम ह्या हलक्या धातूचें असेंच कवच होतें. पण हा उपाय वजनानें भारी आणि त्याला मर्यादा लवकर येते.

दुसरा उपाय अशनीचा. कांचेचे धागे आणि राळेसारखा पदार्थ ह्यांचा जाड थर लावावयाचा आणि त्याला खुशाल जळूं द्यावयाचें. जळतांना राळेचा वायु होतो, तो वायु बाहेर पडतांना समोरच्या गरम हवेला मागें ढकलतो. पाठीमागें कोळशाचा थर उरतो, तो लालबुंद होऊन उष्णता बाहेर फेंकतो. मग तोही हळूहळू झिजून जातो. उन्हाळ्यांत मातीचा माठ पाझरतो आणि पाझरलेलें पाणी उडून जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. माठ पाझरला नाहीं तर पाणी गार होत नाहीं. हें कवचही जळलें नाहीं तर वांचवीत नाहीं. ऑगस्ट १९५७ मध्यें अमेरिकेच्या सैन्यानें अशा कवचाचें एक लहान टोंक अग्निबाणानें उडवून समुद्रांतून परत मिळविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रशियाचा स्पुटनिक आकाशांत गेला आणि अमेरिकन जनता गांगरली. तेव्हां ७ नोव्हेंबरला अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनीं देशाला उद्देशून भाषण करतांना तेंच टोंक शेजारीं ठेवून लोकांना दाखविलें. राष्ट्राध्यक्षानें धीर देण्यासाठीं जळकें लांकडासारखें टोंक दाखवावें, असा प्रसंग इतिहासांत विरळाच!

रशियनांनीं आपल्या पहिल्या यानाला सरळ चेंडूचाच आकार दिला. चेंडू कसाही पडला तरी त्याची बोथट बाजू पुढें असतेच. १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन अशा सुमारें सव्वादोन मीटर व्यासाच्या गोळ्यांत बसून पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला. उतरतांना यानाचा मागचा यंत्रांचा भाग सुटून जावयाचा होता. तो तारांच्या जुडग्यानें लोंबकळत राहिला, गोळा गिरक्या खाऊं लागला, आणि त्या तारा तापून तुटल्या तेव्हां कोठें सुटका झाली. खिडकीबाहेर ज्वाळा दिसत होत्या. त्या माणसाच्या धैर्याला तोड नाहीं.

तथापि आठ वर्षांनीं, १८ जानेवारी १९६९ रोजीं, बोरिस व्होलिनोव्ह ह्याच्यावर आला तसा प्रसंग क्वचितच कोणावर आला असेल. तोंवर रशियनांचें यान घंटेच्या आकाराचें झालें होतें आणि जाड कवच फक्त बुडाला होतें. व्होलिनोव्हच्या यानाचा मागचा भाग सुटलाच नाहीं. त्यामुळें कवच मागें आणि पातळ झांकण पुढें, असें यान हवेंत उलटें शिरलें. दाराच्या कडेचें रबर धुमसूं लागलें, आंत धूर भरूं लागला. तो एकटाच होता. इतक्यांत आंचेनेंच मागच्या भागाचे सांधे तुटले, तो निखळला, आणि यान आपल्या आकाराच्या गुणानें आपोआप वळून बूड पुढें करून पडूं लागलें. जमिनीवर इतक्या जोरानें आदळलें कीं त्याचे दांत तुटले. पण तो जगला, आणि पुढें १९७६ सालीं पुन्हां अवकाशांत गेला.

अमेरिकन जॉन ग्लेन ह्याच्या वाट्याला निराळीच परीक्षा आली. २० फेब्रुवारी १९६२ रोजीं त्याच्या प्रदक्षिणा चालू असतां जमिनीवरील केंद्रांत एक दिवा लागला. त्याचा अर्थ असा कीं कवच जागेवरून ढिलें झालें आहे. कवचावर एक अग्निबाणांचा जुडगा पट्ट्यांनीं बांधलेला होता. तो एरवीं उतरण्यापूर्वीं फेंकून देत. ते पट्टे कवचाला धरून ठेवतील ह्या आशेनें तो तसाच ठेवण्याचा हुकूम झाला. हवेंत शिरल्यावर यानाभोंवतीं तापलेल्या वायूचें जें आवरण बनतें, त्यांतून बिनतारी संदेश जात नाहींत. तेवढीं कांहीं मिनिटें यान मुकें होतें. आपण नभोवाणीपुढें बसलेले असतां एकदम आवाज बंद पडला तर जीव कासावीस होतो. मग त्या केंद्रांतील लोकांचें काय झालें असेल? ग्लेनला खिडकीसमोरून जळते तुकडे जातांना दिसत होते. ते कवचाचे कीं जुडग्याचे, हें त्याला सांगतां येईना. ते जुडग्याचे निघाले. कवच पहिल्यापासून जागेवरच होतें. खोटा होता तो दिवा लावणारा खटका.

चंद्रावरून परतणाऱ्या अपोलो यानांचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटर, म्हणजे शक्ति दुपटीहूनही थोडी अधिक. त्यांच्या कवचासाठीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी यानाला चिकटवीत आणि तिच्या प्रत्येक घरांत ‘ॲव्हकोट’ नांवाचें मिश्रण हातानें भरीत. घरें किती? तीन लाखांहून अधिक! एकेका घरांत पिचकारीसारख्या साधनानें मिश्रण भरावयाचें, क्ष-किरणांनीं तपासावयाचें, पोकळी राहिली असेल तर कोरून पुन्हां भरावयाचें. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांचीं चित्रें घरोघर लागलीं. हीं घरें भरणाऱ्या कारागिरांचीं लागलीं नाहींत. हें काम किती नाजूक असतें त्याचा प्रत्यय पुढें पुन्हां आला. डिसेंबर २०२२ मध्यें ओरायन हें माणसाविना गेलेलें यान चंद्राजवळून परत आलें, तेव्हां त्याच्या ॲव्हकोट कवचाचे कपचे शंभराहून अधिक ठिकाणीं अनपेक्षित रीतीनें उडालेले आढळले. आंत निर्माण झालेल्या वायूला बाहेर पडावयास वाट मिळाली नव्हती, असें कारण दोन वर्षांनीं जाहीर झालें. माठाचीं छिद्रें बुजलीं होतीं म्हणाना!

आतां तिसऱ्या उपायाकडे येतों, आणि येथें माझें मन जड होतें. जळणारें कवच एकदांच उपयोगी पडतें. पुन्हां पुन्हां उडावयाचें यान करावयाचें, तर न जळणारें कवच हवें. अमेरिकेच्या स्पेस शटल यानांसाठीं अतिशुद्ध वाळूच्या धाग्यांच्या फरशा करण्यांत आल्या. ह्या फरशीत दहांतले नऊ भाग नुसती हवा. घनफूटभर वजन जेमतेम चार किलो. भट्टींतून लाल रसरशीत काढलेली अशी फरशी कोपऱ्यांना धरून उघड्या हातानें उचलतां येते, कारण तिच्यांतून उष्णता बोटापर्यंत येतच नाहीं. एका यानावर चोवीस हजारांहून अधिक फरशा, बहुतेक प्रत्येकीचा आकार निराळा, प्रत्येकीवर तिचा क्रमांक. नाकावर व पंखांच्या पुढच्या कडेवर, जेथें उष्णमान १,६०० अंशांच्या वर जाई, तेथें कार्बनच्या तंतूंनीं बळकट केलेल्या कार्बनचीं पटलें. १९८१ पासून २०११ पर्यंत हीं यानें १३५ वेळां उडालीं.

मात्र फरशी ठिसूळ आणि पटल कडक पण फुटणारें. डिसेंबर १९८८ मध्यें अटलांटिस हें यान परतलें तेव्हां सातशेंहून अधिक फरशांना इजा झालेली दिसली. एक तर समूळ निघून गेली होती. योगायोगानें त्याच जागीं खालीं धातूची जाड तबकडी होती म्हणून यान वांचलें. हा इशारा होता. तो ऐकला गेला नाहीं.

१६ जानेवारी २००३ रोजीं कोलंबिया यानानें उड्डाण केलें. सात जणांत आपल्या हरयाणांतील कर्नालची कल्पना चावला ही एक होती. उड्डाणानंतर ब्याऐंशीं सेकंदांच्या आंत इंधनाच्या मोठ्या टांकीवरील फेसाचा एक तुकडा निघाला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचें वजन पाऊण किलोच्या आसपास. आपण खुर्चींत घालतों तशाच जातीचा हलका फेस. पण आदळण्याचा वेग ताशीं सुमारें आठशें किलोमीटर. हें चित्रफितींत दिसलें होतें. कांहीं इंजिनिअरांनीं, यान अवकाशांत असतांच त्या पंखाचीं छायाचित्रें काढून घ्यावीं अशी विनंति केली. एकदां नव्हे, वेगवेगळ्या वाटांनीं तीनदां. ती मान्य झाली नाहीं. फेस पूर्वींही अनेकदां पडला होता आणि कांहीं बिघडलें नव्हतें. म्हणून फेस पडणें ही दुरुस्तीखात्याची किरकोळ बाब ठरून गेली होती. जें पुष्कळदां घडून निभावलें, तें घडण्यास हरकत नाहीं, असा समज मोठमोठ्या माणसांच्याही मनांत किती सहज मूळ धरतो!

१ फेब्रुवारीला यान परत फिरलें. जमिनीवर उतरावयास सोळा-सतरा मिनिटें उरलीं असतां त्याचा आवाज बंद झाला. पंखांतील छिद्रांतून जळता वायु आंत शिरला होता; अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वितळला, पंख गेला, आणि टेक्सासच्या आकाशांत यानाचे तुकडे झाले. सातांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. पुढें जुलैमध्यें चौकशी मंडळानें त्याच जातीच्या पटलावर तितकाच फेस तितक्याच वेगानें मारून पाहिला. पटलाला सुमारें सोळा इंच लांब व तितकेंच रुंद भगदाड पडलें. पाहाणारांना धक्का बसला, कारण फेसानें कार्बन फुटेल हें तोंवर पुष्कळांना खरेंच वाटत नव्हतें. हा प्रयोग यान उडण्यापूर्वीं करणें कांहीं अशक्य नव्हतें.

आपल्या देशाची हकीकत थोडक्यांत सांगतों. २२ मे १९८९ रोजीं उडालेल्या ‘अग्नि’ ह्या अस्त्रासाठीं हैदराबादेस कार्बनचें कवच तयार झालें. ह्याच जातीच्या हलक्या पदार्थापासून पुढें पोलिओ झालेल्या मुलांसाठीं पायाचे आधार करण्यांत आले; तीन किलोंचें ओझें तीनचारशें ग्रॅमांवर आलें, असें डॉ. अब्दुल कलाम आपल्या भाषणांत सांगत असत. मला ह्या सगळ्या इतिहासांत ही गोष्ट फार आवडते. १० जानेवारी २००७ रोजीं श्रीहरिकोट्याहून साडेपांचशें किलोंचें एक लहान यान वर गेलें, बारा दिवस फिरलें, आणि २२ तारखेस बंगालच्या उपसागरांत सुखरूप उतरलें. त्याच्या नाकावर जळणारें कवच होतें आणि अंगावर तिरुवनंतपुरम येथें केलेल्या वाळूच्या फरशा. डिसेंबर २०१४ मध्यें माणसें बसूं शकतील एवढें मोठें रिकामें यान अशाच रीतीनें समुद्रांत उतरविण्यांत आलें. आणि १५ जुलै २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला अमेरिकन यानांतून पॅसिफिक महासागरांत उतरले, तेव्हां त्यांच्या पाठीमागें जें कवच जळत होतें, त्याच्या द्रव्याची मूळ कृति एम्स प्रयोगशाळेची, म्हणजे ॲलनच्याच घरची होती.

नातवाला हें सर्व एका बैठकींत सांगतां आलें नाहीं. तीन संध्याकाळ लागल्या. तिसऱ्या संध्याकाळीं त्यानें आपलें यान पुन्हां बांधलें. बाहेर जळून जाणारा जाड थर, मग एक रिकामी फट, मग रोधक, मग धातु. (त्या खेळांत उष्णता शेजारच्या कणालाच मिळते, म्हणून फट फार उपयोगी पडते.) बर्फ टिकला. मग कोलंबियाची गोष्ट आठवून त्यानें बाहेरच्या थराला टांचणीच्या टोंकाएवढें भोंक पाडलें आणि आम्ही दोघे पाहात राहिलों. बर्फ फार वेळ टिकला नाहीं. त्यानें कांहीं न बोलतां संगणक बंद केला.

आतां ती राहिलेली हकीकत. एप्रिल १९८४ मध्यें राकेश शर्मा रशियन यानांतून परत आले. मी तेव्हां नवाच शिक्षक होतों. वर्तमानपत्रांतील यानाचें चित्र वर्गांत दाखवीत होतों. मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मासा, बाण, विमान सगळीं पुढें टोंकदार असतात. मग हें खालून पसरट कां?” मीं म्हटलें, “अरे, जमिनीवर नीट बसावें म्हणून!” वर्ग हंसला, मुलगा खालीं बसला. त्या चित्रांतलें बूड हें कवच नव्हतेंच. तें कवच तर जमिनीपासून पांचसाडेपांच किलोमीटरवर असतांनाच टाकून दिलेलें असतें. म्हणजे मीं दाखविलें तें चुकलें आणि सांगितलें तेंही चुकलें. त्यानंतर त्या मुलानें वर्षभर मला प्रश्न विचारला नाहीं. त्याचें नांव मला आठवतें, पण तें येथें घेत नाहीं. तो आज पन्नाशीच्या पुढें गेला असेल. कोठें ऐकत असेल तर त्यानें एवढें समजावें कीं, त्याचा प्रश्न ॲलनच्याच तोडीचा होता, आणि यान पसरट असतें तें हवेनें आपला विस्तव आपल्याजवळच ठेवावा म्हणून.